टॅटू शिकायचा आहे. पण आधी काय शिकू?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, वीस वर्षे वयाच्या एका वाचक तरुणीचे हे पत्र आहे. त्यांनी वाणिज्य शाखेतून बारावी केली असून, शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत त्यांना अ श्रेणी मिळाली होती. गेली काही वर्षे त्या लग्नसराईत मेंदीची कामे घेतात. आता त्यांना टॅटू आर्टिस्ट व्हायचे आहे. पुण्यातील एका स्टुडिओने तीन महिन्यांच्या कोर्ससाठी सव्वा लाख रुपये सांगितले आहेत आणि महिनाअखेरपर्यंत निम्मी रक्कम भरल्यास सूट देऊ केली आहे. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक बी.एफ.ए. म्हणजे ललित कलेची चार वर्षांची पदवी करण्याचा आग्रह धरतात. वडील टॉवेलच्या कारखान्यात जकार्डच्या, म्हणजे कापडात विणूनच उठवायच्या नक्षीच्या, डिझाइनचे काम करतात; त्यांच्या मते कला शिक्षक पदविका केल्यास निदान नोकरी तरी लागेल, आणि परक्या माणसांच्या अंगाला सुया टोचण्याचे काम आपल्या घरात नको. वाचक विचारतात: "टॅटूसाठी चार वर्षे कॉलेजात वाया का घालवायची? वडिलांना कलेतले काही कळत नाही, त्यांना कसे समजवायचे? शिवाय मी ऑनलाइन एक मशीन मागवले आहे आणि दोन मैत्रिणी हातावर काढून घ्यायला तयार आहेत. सुरुवात करू का?"

सल्ला:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि ते का, हे मी शेवटी सविस्तर लिहिणार आहे. हा मजकूर पूर्ण वाचेपर्यंत तरी ते मशीन कोणाच्या हाताला लावू नका, एवढे आधी सांगून ठेवते.

तुमच्या पत्रात तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. मला ते तसे वाटत नाही. टॅटू काढणाऱ्या माणसाला दोन वेगवेगळी शिक्षणे लागतात. एक शिक्षण रेषेचे, आकाराचे, छायाप्रकाशाचे आणि अक्षरांचे. दुसरे त्वचेचे, सुईचे आणि निर्जंतुकीकरणाचे. कला महाविद्यालयात पहिले मिळते आणि दुसऱ्याचा उल्लेखही होत नाही. स्टुडिओतील तीन महिन्यांच्या कोर्समध्ये दुसऱ्याची ओळख होते, परंतु तेवढ्या अवधीत चित्र काढायला कोणीही शिकवू शकत नाही, मग त्याने माहितीपत्रकात काहीही छापलेले असो. त्यामुळे कॉलेज की कोर्स, याआधी दुसरा प्रश्न येतो: या दोन शिक्षणांपैकी तुमच्याकडे आज काय आणि किती आहे? सव्वा लाख रुपये देऊन तुम्ही जे विकत घेणार आहात, ते पहिल्या शिक्षणावर उभे राहणारे आहे. पाया कच्चा असेल, तर मशीन धरायला शिकूनही तुम्ही इंटरनेटवरून उतरवलेली तीच पिसे, तेच इन्फिनिटीचे चिन्ह आणि तीच उडणारी पाखरे आयुष्यभर काढत राहाल. तशी कामे करून पोट भरणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांना नावे ठेवत नाही. पण तुमच्या पत्रावरून तुम्हाला ते नको आहे, असे दिसते.

तुमच्याकडे काय आहे, ते मेंदीपासून पाहू. मेंदीने तुम्हाला दिलेल्या गोष्टी कोणत्याही कला महाविद्यालयात मिळत नाहीत. जिवंत, हलणाऱ्या, कधी घामेजलेल्या हातावर न थांबता रेष ओढणे, मनगटाच्या गोलाईवर नक्षी बसवणे, समोरच्या नवरीशी बोलत असताना हात स्थिर ठेवणे, आणि ठरलेल्या वेळेत काम पूर्ण करून त्याचे पैसे मागणे, हे सगळे तुम्ही शिकलेल्या आहात. मात्र मेंदी सपाट असते. तिच्यात उजेड एका बाजूने पडत नाही, तिच्यात माणसाचा चेहरा क्वचितच येतो आणि आला तरी तो साच्यातला असतो. शिवाय चुकलेली मेंदी पंधरवड्यात निघून जाते, त्यामुळे चुकीची भीती हाताला माहीत नसते. इंटरमिजिएटची अ श्रेणी हे चांगले लक्षण आहे, पण ती परीक्षा देऊन काही वर्षे झाली आहेत, आणि दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून ती देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे किती मोठी आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून निर्णयाआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. घरातला पितळी तांब्या एका दिव्याखाली ठेवून तो फक्त पेन्सिलीने, पूर्ण छटांसह काढा. स्वतःच्या डाव्या हाताची निरनिराळ्या अवस्थांतली रेखाचित्रे करा, मुठीचीही आणि बोटे तुमच्याकडे रोखलेली असतानाचीही. आजीचा किंवा घरातल्या वयस्क माणसाचा चेहरा समोर बसवून काढा, फोटोवरून नको. "आई" हा शब्द वेगवेगळ्या वळणांत लिहा. ही सगळी कामे तुमच्या शिक्षकांना दाखवा आणि कौतुक बाजूला ठेवून फक्त चुका सांगण्याची विनंती करा. छटांमध्ये आणि चेहऱ्यांमध्ये तुम्ही अडखळत असाल, तर तुम्हाला आज मशीनपेक्षा ड्रॉइंग बोर्डाची गरज जास्त आहे.

आता "चार वर्षे वाया" याबद्दल. बी.एफ.ए.च्या अभ्यासक्रमात टॅटू हा शब्द येत नाही, हे खरे. परंतु वस्तुचित्रणात गोल वस्तूवर उजेड कसा सरकतो हे जो शिकतो, त्यालाच पुढे काळ्या आणि करड्या छटांचा टॅटू जमतो. मानवाकृतीच्या अभ्यासात खांदा, दंड आणि पाठ यांचे स्नायू कागदावर काढलेले असले, म्हणजे खांद्यावरचे चित्र हात वर केल्यावर वाकडे का दिसते, हे आधीच कळते. अलंकारिक संकल्पनाचा सराव असेल, तर ग्राहकाने आणलेला मंडल (वर्तुळाकार नक्षी) जसाच्या तसा न उतरवता त्याच्या कोपराभोवती बसेल असा नवा रचता येतो. आणि अक्षरे! महाराष्ट्रात टॅटूचे किती तरी काम अक्षरांचेच असते: आई, बाबा, मुलांची नावे, एखादी ओवी, एखादा मंत्र. देवनागरीची शिरोरेखा, तिच्यातील जाड-बारीकपणा, मात्रा आणि वेलांट्या यांचा तोल न शिकता काढलेली अक्षरे फलकावरही खटकतात. कातडीवर ती कायमची खटकतात. उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात-छपाईसारख्या व्यावसायिक कामांसाठीच्या कलेच्या, अभ्यासक्रमात अक्षररचना हा गंभीर विषय असतो, आणि अच्युत पालव यांच्यासारखे सुलेखनकार जे.जे. उपयोजित कला संस्थेतूनच पुढे आले. (जाता जाता: "आशीर्वाद" हा शब्द "आर्शिवाद" असा दंडावर कायमचा कोरून फिरणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. शुद्धलेखनाचे एक पुस्तक मशीनच्या शेजारी ठेवण्याची शिफारस मी अगदी मनापासून करते.)

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगितली पाहिजे. कलाशिक्षणाने पोटापाण्याच्या कलेला मान द्यायला नेहमीच वेळ लावलेला आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि तेथे व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये आला. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. त्यामुळे टॅटूचे नाव काढताच कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांनी नाक मुरडले, तर ते मनाला लावून घेऊ नका. त्यांच्याकडून मानवाकृती शिकून घ्या.

वडिलांना कलेतले काही कळत नाही, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. जकार्डचे डिझाइन करणारा माणूस काय करतो, हे तुम्ही कधी त्यांच्याशेजारी बसून पाहिले आहे का? मोर काढणे सोपे असते. पण तो मोर ग्राफच्या चौकटींत बसवायचा, ताणा-बाण्याच्या किती धाग्यांत त्याची मान वळेल हे आधी ठरवायचे, टेरीच्या लूपमध्ये बारीक रेघ बुडून जाते म्हणून ती मुळातच जाड धरायची, आणि एकदा कार्ड पंच झाले किंवा हल्लीच्या यंत्रात फाइल गेली, की झालेली चूक शेकडो टॉवेलांवर छापल्यासारखी उमटणार, हे भान ठेवून प्रत्येक चौकट भरायची. कापड जे स्वीकारेल तेच चित्र काढायचे, हा त्यांचा रोजचा व्यवसाय आहे. टॅटूमध्ये कापडाच्या जागी कातडी येते, बाकीची शिस्त बरीचशी तीच राहते. बारीक अक्षरांतल्या क, भ, ळ यांच्या गाठी काही वर्षांनी शाई पसरून भरून जातात, म्हणून अक्षर किती लहान करायचे याला मर्यादा असते, हे तुम्ही त्यांना सांगून पाहा. ते तुमच्या आधी मान डोलावतील, असा माझा अंदाज आहे.

मग त्यांचा विरोध कशाला आहे? पत्रातील त्यांचे वाक्य नीट पाहिले, तर तो चित्र काढण्याला नाही. सुई, रक्त, आजार, परक्या शरीराला स्पर्श आणि लोक काय म्हणतील, अशी त्या वाक्यातली भीती आहे. यांपैकी शेवटची गोष्ट काळावर सोडा. पण रक्त आणि आजार यांबाबतची त्यांची शंका रास्त आहे, आणि तिला "आजकाल सगळेच काढतात" हे उत्तर होत नाही. तिचे उत्तर तुमच्या ज्ञानातून आले पाहिजे. म्हणून दुसऱ्या शिक्षणाकडे वळू.

टॅटूची शाई बाह्यत्वचेत राहत नाही. तो थर सतत झडत असतो. सुई त्याच्या खालच्या अंतस्त्वचेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर शाई सोडते, आणि तिथे शरीरातील भक्षक पेशी ते रंगकण गिळून धरून ठेवतात, म्हणून चित्र टिकते. सुई उथळ गेली, तर जखम भरताना शाई खपलीबरोबर निघून जाते. खोल गेली, तर शाई आजूबाजूला पसरते आणि रेषेभोवती निळसर डाग उमटतो. धंद्यात त्याला ब्लोआउट म्हणतात आणि तो पुसता येत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूची, बरगडीवरची आणि दंडावरची कातडी एकसारखी जाड नसते, त्यामुळे हाताचा दाब आणि यंत्राचा वेग प्रत्येक ठिकाणी बदलावा लागतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे हे तर अर्धे कौशल्य आहे. रेषेसाठी लायनर, छटांसाठी शेडर आणि मॅग्नम अशा सुया वेगळ्या. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर पिवळा आणि पांढरा हे रंग भरल्यानंतर फिकट पडतात, म्हणून काळ्या शाईचा आणि मोकळ्या सोडलेल्या कातडीचा विरोध साधून चित्र रचावे लागते. परदेशी नमुने पाहून शिकलेल्यांची इथेच फसगत होते. ही सगळी माहिती एका दुपारी वाचून होते, परंतु हातात उतरायला खूप काळ जातो. त्यासाठी आधी सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर आणि नंतर अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम करावे लागते.

स्वच्छतेचा भाग मी यापेक्षा महत्त्वाचा मानते. दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो, तो ग्राहकाला आणि काम करणाऱ्यालाही. जत्रेत एकाच सुईने ओळीने दहा जणांना गोंदणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. चांगल्या स्टुडिओत सुई किंवा कार्ट्रिज (सुया आत बसवलेली नळी) निर्जंतुक केलेल्या पाकिटातून ग्राहकासमोर फोडले जाते, त्यावर मुदतीची तारीख असते, आणि ते एकाच माणसासाठी वापरून टोचणार नाही अशा कडक डब्यात टाकले जाते. शाई लहान टोपणात काढून घेतात आणि उरलेली परत बाटलीत ओतत नाहीत. शाई पातळ करायला नळाचे पाणी वापरत नाहीत, कारण त्यातील जिवाणूंमुळे त्वचेला चिवट संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मशीनची धातूची ग्रिप, म्हणजे हातात धरायचा भाग, पुन्हा वापरायची असेल, तर ती उकळत्या पाण्यात बुडवून भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालच्या वाफेत किमान पंधरा ते वीस मिनिटे ठेवावी लागते.

यातील एक काम तुम्ही याच आठवड्यात सुरू करू शकता. हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लशीच्या तीन मात्रा असतात; पहिली घेतल्यावर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. लहानपणी ही लस झाली असेल तर घरातले लसीकरणाचे कार्ड डॉक्टरांना दाखवा, नसेल तर आता सुरू करा. या कामासाठी वडिलांनाच बरोबर घेऊन दवाखान्यात जा. तासभराच्या वादावादीपेक्षा त्या एका फेरीचा उपयोग अधिक होईल.

आता पुण्याच्या त्या कोर्सबद्दल. टॅटू काढण्यासाठी आपल्याकडे डॉक्टर किंवा परिचारिका यांच्यासारखी सरकारी नोंदणी-परीक्षा नाही. त्यामुळे तीन महिन्यांनी मिळणारे प्रमाणपत्र हा कसलाही परवाना नसतो. तो त्या स्टुडिओचा शब्द असतो, आणि त्या शब्दाची किंमत स्टुडिओच्या कामाएवढीच. ते काम कसे पाहायचे? इन्स्टाग्रामवरचे ताजे, लालसर, चकाकणारे फोटो पाहून काही कळत नाही, कारण ताजा टॅटू सगळ्यांचाच ठसठशीत दिसतो. वर्ष-दोन वर्षे झालेल्या, पूर्ण भरलेल्या टॅटूंचे फोटो मागा. शक्य झाल्यास त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना भेटा आणि ते आज काय करतात ते पाहा. एका बॅचमध्ये किती जण, प्रॅक्टिस स्किनवर किती तास, जिवंत कातडीवर पहिले काम केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली, त्या माणसाची लेखी संमती कोण घेते, वापरलेल्या सुया शेवटी कुठे जातात, आणि मध्येच शिक्षण सोडावे लागले तर पैसे परत मिळतात का, हे प्रश्न विचारा. सुयांच्या प्रश्नावर जो अडखळेल, त्याच्याकडे शिकू नका. राहिला सवलतीचा मुद्दा: महिनाअखेरपर्यंत निम्मे पैसे भरण्याची घाई ही त्यांची गरज आहे, तुमची नाही. ज्या जागेत तुम्ही एक पूर्ण दिवस बसून काम पाहिलेले नाही, तिथे एक रुपयाही भरू नका.

वडिलांनी सुचवलेल्या कला शिक्षक पदविकेला मी हसण्यावारी नेणार नाही. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात रेखांकनाचा चांगला सराव होतो आणि शिकवण्याची सवय लागते, जी ग्राहकाशी बोलतानाही कामी येते. पण तो "नोकरी लागेल" म्हणून करायचा असेल, तर अनुदानित शाळांमध्ये कला शिक्षकांच्या जागा सध्या किती आणि कशा भरल्या जातात, याची चौकशी वडिलांनी दोन-चार मुख्याध्यापकांकडे स्वतः करावी. शिकवण्याची तुम्हाला ओढ असेल तर ही वाट चांगली आहे. तशी ओढ पत्रात कुठे दिसली नाही.

माझे मत विचाराल, तर शिक्षकांचा सल्ला ऐका, परंतु त्यांच्या सल्ल्यात थोडी दुरुस्ती करून. बी.एफ.ए. करायचेच, तर उपयोजित कला हा विषय घ्या. बारावी वाणिज्य शाखेतून झाल्याने काही अडत नाही. राज्याच्या सीईटी कक्षाकडून कला अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र यांच्या प्रात्यक्षिकांबरोबर सामान्य ज्ञानाचे प्रश्न असतात. अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच निघतात, म्हणून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आतापासून लक्ष ठेवा. पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय आणि कोल्हापूरचे दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट ही नावे तुमच्या शिक्षकांनी घेतली असतीलच. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहा आणि मग पसंतीक्रम ठरवा. शुल्काची काळजी असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर कला संचालनालयाच्या अखत्यारीतील अभ्यासक्रमांसाठीच्या शिष्यवृत्त्या पाहा. घरच्या उत्पन्नाचा दाखला आणि इतर कागद वेळेवर काढून ठेवले, तर खर्चाचा मोठा भार कमी होऊ शकतो. वीस वर्षे हे वय उशिराचे आहे, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. ते अजिबात उशिराचे नाही.

महाविद्यालयात गेल्यावर टॅटू चार वर्षे बाजूला ठेवायचा, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या वर्षापासून सुट्टीच्या दिवशी एखाद्या चांगल्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जा. सुरुवातीला टेबल पुसणे, स्टेन्सिल काढणे, ग्राहकांची नोंद ठेवणे हीच कामे मिळतील, आणि ती मिळालीच पाहिजेत, कारण स्वच्छतेची सवय त्याच कामांतून लागते. असे वर्षभर पाहिल्यानंतर कोर्सची गरज आहे का आणि कोणत्या भागाची आहे, हे तुम्हीच ठरवू शकाल. कदाचित मेंदीतून साठवलेले सव्वा लाख रुपये तेव्हा संपूर्ण शिल्लक असतील.

घरच्या परिस्थितीमुळे सोलापूर सोडणे शक्य नसेल, तर तोही मार्ग बंद नाही. हे मी अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठीही लिहिते आहे. पदवीशिवाय उत्तम टॅटू काढणारे कलाकार आहेत. फक्त त्यांनी चित्रकलेचे शिक्षण टाळलेले नसते, ते पदवीबाहेर पुरे केलेले असते. तुमच्या शिक्षकांकडे किंवा शहरातल्या एखाद्या चित्रकाराकडे दीड-दोन वर्षे नियमित रेखांकन करा, मेंदीची कामे चालू ठेवा आणि मग शिकाऊ म्हणून स्टुडिओत जा. या वाटेत शिस्त लावणारा कोणी नसतो, एवढीच तिची अडचण. परीक्षा आणि सबमिशनच्या तारखा नसतील, तर आपण स्वतः किती काम करतो, याचा प्रामाणिक अंदाज आधी घ्या.

सोलापुरात या कामाला वाव नाही, असे तुमच्या मैत्रिणी म्हणतात. मला शंका आहे. पुण्या-मुंबईचे दर इथे मिळणार नाहीत, महिन्याची कमाई एकसारखी राहणार नाही आणि सुरुवातीचा काळ मेंदीच्याच आधारावर काढावा लागेल, हे खरे. परंतु खांद्यावर किंवा पाठीवर टॅटू काढून घेताना अनेक स्त्रियांना स्त्री कलाकारच हवी असते, आणि मेंदीमुळे त्यांच्या घरांत तुमचा वावर आधीच आहे. वडिलांच्या "परक्या माणसांना स्पर्श" या आक्षेपालाही यातून काही उत्तर मिळते: कोणाचे काम घ्यायचे, कोणते नाकारायचे आणि जागेत सोबतीला कोण असावे, हे कलाकार ठरवतो. शिवाय उपयोजित कला शिकलेल्या व्यक्तीला पॅकेजिंग, बोधचिन्हे, पुस्तकांची मांडणी आणि कापडाचे डिझाइन ही कामेही मिळतात. चादरी-टॉवेलांच्या या गावात त्यातले शेवटचे काम तुमच्या घरातच आहे.

नकार देता येणे हासुद्धा या धंद्याच्या शिक्षणाचा भाग आहे, आणि तो कोर्समध्ये क्वचितच शिकवतात. अठरा वर्षांखालील मुलामुलींचे काम घेऊ नये. मधुमेह, रक्त पातळ होण्याची औषधे, त्वचेवर वाढीव व्रण उठण्याची प्रवृत्ती यांची आधी चौकशी करावी आणि शंका आल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन यायला सांगावे. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे सांगावे. आपल्या जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी मुले पुष्कळ आहेत. लष्करात कायमस्वरूपी टॅटू साधारणपणे हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या पाठीमागेच चालतो, आदिवासी समाजांच्या परंपरेला मात्र सवलत आहे. मानेवर वाघ काढून मागणाऱ्या मुलाला हा एक प्रश्न न विचारल्याने त्याची भरती हुकू शकते.

राहिले ते मशीन. मैत्रिणी तयार आहेत, हे मला पटते. वीस वर्षांच्या मैत्रिणी कशालाही तयार असतात. पण खोलीचा अंदाज नसलेल्या हाताने, कोणत्या कारखान्यात भरली हे कळत नसलेल्या शाईने आणि घरातल्या पलंगावर बसून केलेल्या पहिल्या टॅटूत ब्लोआउट किंवा संसर्ग झाला, तर लेसरने तो काढायला अनेक बैठका आणि बराच पैसा लागतो, आणि तरीही पुसट खूण राहू शकते. ती मैत्रीण तुम्हाला क्षमा करेल, तिची आई करणार नाही, आणि पूर्व भागात बातमी पसरायला वेळ लागत नाही. संचासोबत आलेल्या शाईच्या बाटल्या टाकून द्या. सुयांच्या पाकिटांवर निर्जंतुकीकरणाची आणि मुदतीची नोंद नसेल, तर त्या फक्त सरावासाठी वेगळ्या काढून ठेवा आणि त्यांचा माणसाच्या कातडीशी कधीही संबंध येऊ देऊ नका. सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनचे तुकडे ऑनलाइन मिळतात. ते स्वतःच्या पोटरीभोवती गुंडाळून त्यावर सरळ रेष, वर्तुळ आणि "ळ" हे अक्षर काढत राहा, म्हणजे गोल पृष्ठभागाचीही सवय होईल. वडील घरी असताना, त्यांच्यासमोर बसून हे करा, आणि रेष कुठे जाड झाली हे त्यांनाच विचारा.